कृष्णामाईच्या अखेरच्या काठावर

मासे धरायला निघालेला शाकाहारी मुख्याध्यापक, ही कल्पनाच मुळी हास्यास्पद. घरून निघताना सौभाग्यवतींनी ‘तुम्ही तिथे जाऊन करणार तरी काय?’ असा रास्त प्रश्न विचारला, तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते. ‘जाळे ओढीन,’ असे मी उगाच म्हणालो. आणि पुढे खरोखरच ओढले.

आमच्या शाळेचे अटेंडर या डिसेंबरअखेर सेवानिवृत्त होणार आहेत. मुले त्यांना ‘तातय्या’ म्हणतात. तेलुगूत तातय्या म्हणजे आजोबा. मुलांचे ऐकून आम्ही शिक्षकही त्यांना तसेच म्हणू लागलो. गेल्या हिवाळ्यात एकदा चहाचा पेला टेबलावर ठेवून ते म्हणाले, ‘सार, निवृत्तीआधी एकदा सर्वांनी माझ्या गावचा समुद्र पाहावा. भाऊबंदांची नाव आहे, जाळे आहे.’ इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नव्हते. डिसेंबरातला दुसरा शनिवार आणि त्याला जोडून रविवार, असा बेत ठरला. विज्ञानाचे शिक्षक, तेलुगू पंडित, उर्दूचे मौलवीसाहेब, ड्रिल मास्तर, तातय्या आणि मी असे सहाजण शुक्रवारी रात्री भाड्याच्या गाडीने निघालो.

हैदराबादहून विजयवाड्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हा पुण्यास सुरू होतो आणि सोलापूर, हैदराबाद, सूर्यापेट, विजयवाडा करीत मच्छलीपट्टणला समुद्रापाशी संपतो. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या या वाटेचा पूर्वार्ध तेवढा तुडविला. उत्तरार्धाकडे फारसे कोणी वळले नाही. वास्तविक मच्छलीपट्टण हे कुतुबशाहीचे मोठे बंदर. गोवळकोंड्याचा माल तेथूनच दूरदेशी जाई, आणि इंग्रजांनी १६११ मध्ये तेथे आपली वखार घातली. भागानगरात राहणाऱ्याने भागानगरचे बंदर पाहिलेले नसावे, हे खरोखर नवलच. पण आम्हांस त्याही पलीकडे, दक्षिणेस, दिवीसीमेत जायचे होते.

पहाटे विजयवाड्यास प्रकाशम बंधाऱ्याजवळ गाडी थांबविली. हा बंधारा १९५७ मधला. त्याआधी येथे इंग्रजांच्या काळातला जुना बांध होता. बंधाऱ्यावर कृष्णा तुडुंब भरलेली, आणि बंधाऱ्याखाली वाळूचे विस्तीर्ण मैदान. तेलुगू पंडित म्हणाले, ‘ही आमची कृष्णवेणी.’ मी म्हणालो, ‘आणि आमची कृष्णामाई.’ आमचे मूळ गाव वाईच्या बाजूचे. पणजोबा निजामाच्या राज्यात चाकरीस आले आणि आम्ही काचीगुड्याचे झालो. नदी मात्र आमच्या मागोमाग आली म्हणावयाची. कारण २००४ पासून हैदराबादच्या नळांनाही नागार्जुनसागरातून कृष्णेचेच पाणी येते.

तेथून नदीच्या डाव्या काठाने अवनिगड्ड्यास निघालो. दोहो बाजूंस भातशेती, केळी, मध्येच ताडांच्या रांगा. पुलिगड्ड्यापाशी कृष्णा दुभंगते, आणि तिच्या दोन शाखा व समुद्र यांच्यामध्ये जो भूभाग सापडला आहे तोच दिवीसीमा. जुन्या महाबळेश्वरी देवळातल्या गोमुखातून जी करंगळीएवढी धार पडते, ती सुमारे १४०० किलोमीटर चालून हंसलदीवीपाशी सागरास मिळते. तेथे वेणुगोपालाचे प्राचीन मंदिर आहे. दर्शन घेऊन आम्ही तातय्यांच्या चुलतभावाच्या घरी उतरलो. आम्हां दोघा शाकाहारी मंडळींसाठी त्या माउलीने वेगळ्या चुलीवर पप्पू आणि भात रांधला होता. परक्याच्या नेमाची एवढी बूज आपल्याकडे तरी कितीजण राखतात?

रविवारी अंधारातच पालकायतिप्प्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. कोकणात ज्यास रापण म्हणतात, त्याच जातीचे जाळे येथेही ओढतात; त्यास ‘अलिवी वल’ म्हणतात. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून नाव जाळे सोडीत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्यास आणून देते. मग दोन तुकड्या दोन्ही टोके ओढीत ओढीत एकमेकींजवळ सरकतात. जाळ्याच्या मध्याशी बारीक विणीची झोळी असते; मासळी घेरली जाऊन अखेर तीत उतरते.

आम्ही धोतर-पाटलोणी खोचून ओढावयास लागलो. पहिल्या दहा मिनिटांतच तळहात सोलून निघाले. ड्रिल मास्तर ‘एक, दो’ असा ठेका देऊ लागले, तर कोळ्यांनी हसून त्यांना गप्प केले. त्यांचा ठेका लाटेचा होता. लाट येताना दोर ताणून नुसते उभे राहावयाचे, आणि ती मागे फिरली की ओढावयाचे नाही. पुढच्या लाटेने जाळे आपणहून उचलले की मग पावले मागे घ्यावयाची. समुद्राशी भांडून जाळे येत नाही, हे मला पंचावन्नी उलटल्यावर कळले.

तासाभराने झोळी वाळूवर आली. तारली, बोय, थोडी कोळंबी, आणि एक थोरला ‘पंडुगप्पा’, म्हणजे आपला जिताडा. मौलवीसाहेबांच्या मुद्रेवर जो आनंद उमटला, तो वार्षिक निकालाच्या दिवशीही मी पाहिला नव्हता. वाटणी झाली, दोर ओढला म्हणून आम्हांसही वाटा मिळाला.

मंडळी मासळी निवडीत बसली असता तातय्या एकटेच नदीच्या मुखाकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. जेथे गढूळ पाणी निळ्या पाण्यात शिरते, तेथे गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी तीन ओंजळी सोडल्या, आणि मग आणखी दोन.

‘कोणासाठी?’ मी विचारले.

‘नायना, अम्मा, दोन बहिणी, धाकटा भाऊ. पाच.’

१९ नोव्हेंबर १९७७. त्या दिवशीच्या चक्रीवादळाने समुद्र सुमारे ५ मीटर उंच उठून दिवीसीमेवर चालून आला. सरकारी हिशेबानेच दहा हजारांवर माणसे गेली. अवनिगड्ड्याजवळ त्यांचे स्मारक आहे. पाणी जेथवर चढले तेथे ते उभारलेले आहे. तातय्या तेव्हा अकरा वर्षांचे. मामाकडे लग्नाला म्हणून विजयवाड्यास गेले होते, म्हणून वाचले. ‘चौथ्या दिवशी मामाने गावी आणले. घर नव्हते, सार. घर कुठे होते, तेही कळत नव्हते.’ पुढे मामाच्या बदलीबरोबर ते हैदराबादेस आले.

मी तेव्हा तिसरीत होतो. वडील रात्री रेडिओला कान लावून बसत. शाळेत आम्ही जुन्या कपड्यांची गाठोडी नेली होती. माझा एक निळा सदरा मला द्यावासा वाटत नव्हता, आणि आईने तो माझ्या हातूनच गाठोड्यात घालविला. एवढीच माझी आठवण.

पण वाचकहो, त्या किनाऱ्यावर मला दुसरीच गोष्ट आठवली. मी या शाळेत रुजू झालो त्या वर्षी नोव्हेंबरात तातय्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज केला होता. कारण लिहिले होते : घरगुती काम. शाळेची तपासणी तोंडावर होती. मी तांबड्या शाईने ‘नामंजूर’ असे लिहून सही ठोकली. एकोणिसाव्या तारखेस ते नित्याप्रमाणे आले, घंटा दिली, पाहुण्यांना पाणी दिले. त्यानंतर नोव्हेंबरात त्यांनी कधी अर्जच केला नाही. आणि ते मला जाणवलेही नाही, याची लाज मला नामंजुरीहून अधिक वाटली.

‘तातय्या, तुम्ही मला सांगावयाचे होते,’ मी म्हणालो. बोलता बोलताच ते वाक्य किती पोकळ आहे ते कळले.

ते म्हणाले, ‘काय लिहिणार, सार? इथे गावात तो सगळ्यांचाच दिवस. कोणी कोणाला सांगत नाही. शहरात सांगायचे कसे, ते मला कधी कळले नाही.’

मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलविली. क्षमा केली, की विषय संपविला, ते सांगता येत नाही. मग मीही पाण्यात उतरलो आणि एक ओंजळ सोडली. वाईच्या घाटावर पूर्वजांनी जिला नमस्कार केला, तीच ही नदी. तिकडे ती लेकुरवाळी, इकडे येथवर येता येता थकलेली. बंधाऱ्यांतून उरलेले पाणी घेऊन समुद्राच्या दारी उभी. आम्हां घाटावरच्यांना तिचा उगम तेवढा ठाऊक. अखेर पाहावयास एका अटेंडराने हात धरून आणावे लागले.

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. मासळीची टोपली मौलवीसाहेबांच्या मांडीवर होती. घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतींनी माझे तळहात पाहिले आणि काही न विचारता हळद आणली.

यंदाची दैनंदिनी हाती आली, तेव्हा पहिली नोंद मी १९ नोव्हेंबरच्या पानावर केली. तातय्यांच्या नोकरीतला तो शेवटचा नोव्हेंबर. नोंद अशी : ‘अटेंडर तीन दिवस रजेवर. अर्जाची आवश्यकता नाही. घंटा मी देईन.’