ब्रेकची किंकाळी

आवाजावरून माणूस ओळखण्याची विद्या पुष्कळांना साधते. आवाजावरून बाजार ओळखण्याची विद्या मात्र फारसे कोणी मनावर घेत नाही. वाशी आणि तुर्भे यांच्या मध्ये पसरलेल्या एपीएमसी मार्केटच्या शेजारी ज्याने काही वर्षे काढली असतील, त्याला ती न शिकताच अवगत होते. भायखळा, मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट येथल्या दाटीतून मुंबईचे घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने खाडीच्या या बाजूस आले, आणि येताना आपापले आवाजही घेऊन आले. पहाटे भाजीपाल्याच्या आवारातली माथाडींची हाळी, आंब्याच्या हंगामात पेट्यांवर पेट्या चढल्याचा ठकठकाट, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांपुढे पोती पडल्याचा जड धप्प असा नाद. आणि या सर्वांच्या डोक्यावर, एखाद्या लहरी गवयाने अवेळी तारषड्ज लावावा तशी, ट्रकांच्या ब्रेकची किंकाळी!

ही किंकाळी ऐकून पादचारी दचकतो, गाडीत बसलेली आजी रामनाम घेते आणि गाडीचा मालक ओशाळा होऊन भोवताली पाहतो. तिघांचीही समजूत एकच असते, की ब्रेक ओरडला म्हणजे ब्रेक बिघडला. मला ही समजूत अर्धवट वाटते, आणि अर्धवट म्हणूनच घातक वाटते.

ब्रेक ओरडतो म्हणजे काय होते? सारंगीची तार आठवा. राळ लावलेला गज तारेवरून फिरतो तेव्हा तो सरळ सरकत नाही. क्षणभर तारेला चिकटतो, तिला ओढतो, सुटतो आणि पुन्हा चिकटतो. ही धरसोड सेकंदाला शेकडो वेळा होते आणि आपण तिला सूर म्हणतो. ब्रेकच्या बाबतीत पॅड हा गज आणि चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क ही तार. अशा घर्षणातून उठलेले कंपन डिस्कच्या आणि पॅडच्या अंगच्या कंपनाशी जुळले, की ती तबकडी झांजेसारखी थरथरू लागते. हा थरकाप डोळ्यांना दिसत नाही, परंतु सेकंदाला हजारापासून पंधरा हजारांपर्यंत हेलकावे घेणारा तो नाद कानात सुईसारखा शिरतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की गाडी थांबवण्याचे काम या सर्व काळात बिनबोभाट चालू असू शकते. गाणे निराळे आणि नोकरी निराळी!

हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. १९०२ साली लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञाने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु धातूवर धातू घासून तो असा केकाटे, की गिऱ्हाइकांनी कानांवर हात ठेवले. तोड काढली ती डर्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूडने. डोंगराळ मुलुखातले गाडीवान उतारावर चाकाला जुने जोडे अडकवून गाडी आवरतात, हे पाहून त्याला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली असे सांगतात. १८९७ पासून तो अशी अस्तरे करीत होता. पुढे त्याने त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस घातले आणि ब्रेकचे ओरडणे पुष्कळ कमी झाले. त्या शांततेची किंमत मात्र कामगारांच्या फुप्फुसांनी दिली, आणि अनेक देशांना ते द्रव्य ब्रेकमधून हद्दपार करावे लागले. डिस्क ब्रेकची खरी द्वाही फिरली ती १९५३ साली, जेव्हा ते बसवलेल्या जॅग्वार गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तेव्हापासून वेगवान गाडी म्हटली की डिस्क आलीच, आणि डिस्क आली की तिचे गाणेही आले.

हे सर्व पुराण मला वाचावे लागले ते माझ्या भाच्यामुळे. त्याने एक जर्मन बनावटीची शर्यती थाटाची मोटार जुन्या बाजारात घेतली. गाडी दिसायला चित्त्यासारखी; पण सकाळी गल्लीतून बाहेर पडताना अशी कळवळे की शेजारच्या खिडक्या उघडत. मोठ्या कार्यशाळेने दोनदा चाके उघडली, "या जातीचा हा स्वभावच," असे सांगितले, आणि अखेर चारही डिस्क बदलण्याचा एक भयंकर आकडा कागदावर लिहून दिला. इकडे गौरी-गणपती जवळ आलेले. ताईला घेऊन साताऱ्याला जायचे, म्हणजे वाटेत बोरघाट आणि खंबाटकी. ताईने स्पष्ट सांगितले, "ओरडणाऱ्या गाडीतून मी घाट ओलांडणार नाही." भाचा रुसला, पण मला ताईचे म्हणणे खोडून काढता येईना. तिच्या भीतीला उत्तर हवे होते, आणि "स्वभावच आहे" हे काही उत्तर नव्हे.

मी त्याला तुर्भ्याच्या बाजूला ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेले. तिथे ती नीटस गाडी कांद्याच्या सालींत उभी राहिलेली पाहून भाच्याचा जीव खालीवर होत होता. मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले.

"दादा, सकाळच्या पहिल्या ब्रेकला ओरडते, का तापल्यावर?"

"पहिल्या दहा-बारा ब्रेकना. मग कमी होते."

"पाय हलका असताना, का जोरात दाबल्यावर?"

"हलका असताना. मागे घेताना तर फारच."

"पॅडल खाली जाते? पायाला थरथर लागते? गाडी एका अंगाला ओढते?"

तिन्हींना उत्तर नाही असे आले. मिस्त्रींनी मान हलवली आणि मग चाक खोलले. वैद्याने नाडीला हात लावण्यापूर्वी झोपेची नि भुकेची चौकशी करावी, तशी ही रीत मला फार आवडली.

पॅड झिजलेले नव्हते. साध्या मोटारींच्या पॅडला बहुधा एक पोलादी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकून किंचाळू लागते आणि मालकाला गॅरेजची वाट दाखवते. या गाडीत जिभेच्या जागी विजेची बारीक तार होती, तीही शाबूत. डिस्कला तडा नव्हता, खोल चरे नव्हते. परंतु पॅडचे तोंड आरशासारखे चकाकत होते, आणि त्याच्या पाठीमागे कंपन गिळण्यासाठी असते ती पातळ पट्टी कोणी तरी काढून टाकलेली होती.

"हे पॅड शर्यतीचे आहेत," मिस्त्री म्हणाले. "यांना आग लागते. तापले की वाघ, थंड असले की नुसते कुईकुई. आधीच्या मालकाने हौसेने घातले असणार. तुम्ही वाशी ते दादर गर्दीतून चालवता. यांना ऊब मिळणार कधी?"

त्यांनी तोंडाला फडके बांधले, धूळ वाऱ्याने न उडवता ओल्या कपड्याने टिपली, चकाकी सपाट काचेवरच्या पॉलिशपेपरवर घासून काढली, पॅडच्या कडा कानशीने किंचित उतरत्या केल्या आणि पाठीला उष्णता सोसणारे ग्रीस मोहरीएवढे लावले. "हे पाठीलाच. तोंडाला लागले तर ब्रेक गेला," असे त्यांनी भाच्याला दोनदा बजावले. मग पाम बीच रस्त्यावर भल्या पहाटे, मागे कोणी नाही असे पाहून, साठाच्या वेगावरून पंधरावर असे आठ-दहा वेळा गाडी हळूहळू आवरायची, पुरती थांबवायची नाही, आणि शेवटी ब्रेक न लावता निवू द्यायची. त्याने पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसतो.

किंकाळी गेली, पहिल्या दोन ब्रेकना एक बारीक कुरकुर तेवढी उरली. तीही नको असेल तर रस्त्यावरचे मऊ पॅड घाला आणि पाठीच्या पट्ट्या नव्या बसवा, असे मिस्त्रींचे मत पडले. भाचा घुटमळला. "शर्यतीचे पॅड" या दोन शब्दांत जी ऐट आहे ती मऊ पॅडमध्ये कुठून येणार! पण ताईची आठवण झाली आणि त्याने पुढच्या रविवारी पॅड बदलून घेण्याचे कबूल केले. डिस्क चारही जुन्याच राहिल्या.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा मिस्त्रींपुढे निफाडकडून कांदा घेऊन आलेला एक ट्रक उभा होता. घाट उतरणाऱ्या गाडीवर काय भार पडतो याचा हिशेब मी घरी करून पाहिला होता. दीड टनाची मोटार ताशी शंभर किलोमीटरवरून थांबवताना जी उष्णता निघते ती सुमारे दोन लिटर पाण्याला उकळी आणील. सोळा टनांचा ट्रक पाचशे मीटर उंचीचा घाट उतरतो तेव्हा त्याच्या एकशे तीस पटींहून अधिक शक्ती कुठे तरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाने त्यातला मोठा वाटा उचलला तर ठीक. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार लायनरवर येतो, ते तापून गुळगुळीत होतात, आणि मग पाय कितीही दाबला तरी ब्रेक चिडीचूप.

"काय तक्रार?" मिस्त्रींनी विचारले.

"तक्रार अशी काही नाही, मिस्त्री. डावीकडे थोडी ओढते. आवाज बिवाज बिलकूल नाही," चालक म्हणाला.

भाच्याचे पॅड बाजूला ठेवून मिस्त्रींनी ट्रकचे पुढचे उजवे चाक आधी खोलायला घेतले. ड्रम निघाला. आतले सील फुटून तेल पाझरले होते आणि दोन्ही लायनर काळे, ओलेचिंब, चकचकीत झाले होते. मिस्त्रींनी एकावर बोट फिरवले आणि ते चालकापुढे धरले. तो काही बोलला नाही. कसाऱ्याचा घाट तो रात्री भरल्या गाडीने उतरून आला होता.

पोरगा नवे सील आणायला धावला. आम्ही बाकावर बसून चहा मागवला. आमच्या पॅडना आता दुपार होणार होती, आणि भाच्याने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही.