उशाची फळी
(द्वितीय वर्ष, कला)

पलंगाच्या चार बाजूंपैकी उशाच्या बाजूला घरात फारसा मान नसतो. ती भिंतीकडे असते. तिच्यावर टॉवेल वाळतात. पण ज्या माणसाला आडवे होताच धाप लागते, त्याची रात्र याच बाजूच्या आधाराने निभावते. आमच्या आजीची तशी गत झाली. डॉक्टरांनी तिला टेकून बसवूनच झोपवायला सांगितले. उशांची चळत रचली, पण ती मध्यरात्री घसरे आणि आजीबरोबर सारे घर जागे होई. शेवटी बाबा म्हणाले, "उशाला फळी करू."

बाबा सुतार. घराची पडवी हाच त्यांचा कारखाना. तरी रंध्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या हातात पेनच राहावे हा त्यांचा हट्ट. पण दोन वर्षांपूर्वी कौले परतताना पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. तेव्हा डोळे त्यांचे आणि हात माझे, असे ठरले.

लाकूड घरचेच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या दापोली भागात असंख्य झाडे पडली, त्यांत आमच्या परसातला फणसही गेला. त्याच्या फळ्या मध्ये रिपा घालून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. इंचभर जाडीला एक वर्ष वाळवण, हा बाबांचा हिशेब. फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा! बौद्ध भिक्षूंची चीवरे या लाकडाच्या रंगात रंगवत असत. मी आठवडाभर पिवळ्या नखांनी तासाला बसलो आणि मित्रांनी "हळद कधी लागली?" म्हणून भंडावून सोडले.

माप घ्यायला बाबांनी आजीलाच पडवीत बसवले. पाठीमागे फळी धरून ते ती कमीजास्त कलती करीत आणि विचारीत, "आये, आता?" आजी म्हणे, "अरे, मला काय पालखीत बसवतोस?" जिथे तिचा श्वास संथ झाला, तिथे पेन्सिलीची खूण झाली. सरळ उभ्या रेषेपासून ती तीन इंच मागे होती. बाजारातल्या तयार पलंगाला हे माप कोठून असणार?

दोन उंच खूर, त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये फळी. पट्टीच्या टोकाला कूस काढायची, खुराला तिच्या मापाची खाच पाडायची. पटाशीने खाच पाडताना बाबा शेजारी नुसते बसून असत. हात चुकीच्या बाजूला वळला की खोकत, बोलत नसत.

सांधे चिकटवून झाल्यावर मी सवयीने फेविकॉलचा डबा फळीच्या खोबणीकडेही नेला. बाबांनी डबा उचलून बाजूला ठेवला. फळी चिकटवायची नसते. ती खोबणीत मोकळी, वर-खाली दोन-दोन सूत जागा सोडून बसवायची. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही; उन्हाळ्यात पुन्हा आकसते. चारी बाजूंनी जखडले, तर एक दिवस ते मधोमध तडकते. हे सांगताना बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, पण मला उगीचच वाटले की ते फळीबद्दलच बोलत नसावेत. विचारायचे धाडस झाले नाही.

श्रमप्रतिष्ठेवर मी शाळेत दोन वेळा निबंध लिहिला आहे, दोन्ही वेळा चांगले गुण मिळाले. एका इंचात आठ सूत असतात, हे मात्र त्या निबंधांत कुठेच नव्हते.

आषाढात फळी फुगली. आधी खोबणीच्या कडेला दिसणारी फिकट रेघ नाहीशी झाली. तडा गेला नाही. आजी आता रात्री तीन-चार तास सलग झोपते. तक्रार तिची एकच: इतके लाकूड घातले, त्यावर एक वेल तरी काढायची होती. पाठीला टोचेल म्हणून बाबांनी नकार दिला. पण परवा वरच्या पट्टीवर, पाठ पोचत नाही अशा जागी, पेन्सिलीने आखलेली एक वेल मला दिसली. पटाशी त्यांनी धार लावून तिथेच ठेवली आहे.