वकीलबाईंचा अर्ज

‘मेंटेनन्स’ म्हणजे दुरुस्ती, एवढेच मला ठाऊक होते. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात, तिथे टेम्पोचे मेंटेनन्स निघते. ताईच्या कागदांत तोच शब्द पोटगीसाठी आला तेव्हा मी डिक्शनरी काढली. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. त्यामुळे तारखेला ताईबरोबर कौटुंबिक न्यायालयात जायचे कामही माझ्याकडे आले. (माझी हजेरी कमी का, याचे उत्तर आमच्या सरांना इथे मिळेल.)

याच सरांनी राज्यशास्त्राच्या तासाला सांगितले की, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कौटुंबिक न्यायालयाचा न्यायाधीश लोक मते देऊन निवडतात. मुदत चार वर्षांची. घटस्फोटाचे, मुलांच्या ताब्याचे खटले चालवणारे वकीलच उभे राहतात, तेही पक्षाच्या तिकिटावर. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘ताई, माई, अक्का’ अशी आरोळी दिली. वर्ग हसला. मला हसू आले नाही.

ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे २०१८ साली न्यायाधीशपदाच्या लढती एकाच पक्षाने सरसकट जिंकल्या. तेव्हा एकाच खुणेत पक्षाच्या साऱ्या उमेदवारांना मत देता येई. २०२० पासून ती सोय गेली. शिवाय प्रचाराला पैसा लागतो. तो देणाऱ्यांत उद्या त्याच न्यायाधीशापुढे उभे राहणारे वकीलही असतात. १९९५ च्या कायद्याने अशा देणग्यांना मर्यादा घातली, बंदी नाही.

पुढच्या तारखेला एस.टी.त हे मी ताईला सांगितले. ती म्हणाली, “आणि त्यांची भावकी मोठी असली तर?”

आमच्या ग्रामपंचायतीत मते माणसांवर नाही, घरांवर मोजतात. दाजींच्या (अजून दाजीच म्हणतो, सवय जात नाही) वस्तीवर साठ मते, आमची पाच. मी पुस्तकी उत्तर दिले की, अमुक खटल्यात अमुक निकाल देईन असे वचन तिथल्या उमेदवाराला देता येत नाही.

“वचन कशाला लागतंय? ओट्यावर चहाला बसला तरी कळतं.”

तरी मला त्या लोकांचा थोडा हेवा वाटला. तिथे उमेदवार निदान मत मागायला समोर येतो. आमच्या केसला दोन वर्षांत तीन न्यायाधीश झाले. कोण का आले, का गेले, आम्हाला कोणी विचारले नाही की सांगितले नाही.

त्याच दिवशी वकीलबाईंनी बातमी दिली. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नव्हे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. ती मिळाली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. बाई म्हणाल्या, “मी न्यायाधीशपदासाठी अर्ज केलाय.” आपल्याकडे त्यासाठी उच्च न्यायालयातली सात वर्षांची वकिली चालते, स्त्रियांना प्राधान्य द्यावे असे कायद्यातच आहे, आणि नेमणूक उच्च न्यायालयाच्या संमतीने राज्य सरकार करते. मतांचा संबंध नाही.

“म्हणजे आमची केस तुमच्यापुढेच येणार?” मी हरखून विचारले.

“उलट. जिची मी वकील होते तिची केस मला ऐकताच येणार नाही. तुमची फाईल दुसऱ्या वकिलांकडे जाईल.”

मला रागच आला. मंगळसूत्र कोणत्या दिवशी ओढले, त्या रात्री ताई कोणाच्या घरी झोपली, हे सांगायला तिला बाईंपुढे पाच बैठका लागल्या होत्या. आईलासुद्धा त्यातले निम्मे माहीत नाही. आता ते नवख्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचे? खरे लिहितो, बाईंचा अर्ज नामंजूर व्हावा असे मला वाटले. परतीच्या प्रवासात मी ते ताईला बोलूनही दाखवले.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “होऊ दे त्यांना न्यायाधीश. दुसऱ्या कोणाचं तरी नीट ऐकून घेतील.”

घरी आल्यावर तिने एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. ती सांगेल ते मी मराठीत लिहायचे. म्हणजे नव्या वकिलांना वही द्यायची, तोंडाने सांगायला नको. रोज आई झोपली की आम्ही बसतो. सध्या चौदाव्या पानावर आहोत.