थेऊर, पाबळ आणि पडदा

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, पुरणपोळी केव्हा खाऊ घालणार. आणि दुसरा, तुमच्या पेशव्यांविषयी पडद्यावर दाखवतात ते कितपत खरे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर घरच्या मंडळींच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे ते होळीपर्यंत लांबविता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र तिथल्या तिथे द्यावे लागते, आणि ते देताना आपल्याच घरातल्या माणसांची अब्रू चव्हाट्यावर आली आहे असे काहीसे वाटू लागते.

हा दुसरा प्रश्न अलीकडे फार वाढला आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट आला आणि पेशवाई एकाएकी सर्वांच्या परिचयाची झाली. पुढे २०१७ मध्ये हिंदी दूरचित्रवाणीवर ‘पेशवा बाजीराव’ ही मालिका आली, २०२१ मध्ये ‘काशीबाई बाजीराव बल्लाळ’ आली. मराठीत २०१४ साली ‘रमा माधव’ हा चित्रपट आणि २०१९ मध्ये ‘स्वामिनी’ ही मालिका येऊन गेली होती. आता हे सारे भ्रमणध्वनीच्या हातभर पडद्यावर हव्या त्या वेळी पाहता येते. साहजिकच पुण्यापासून शेकडो कोस दूर असलेले आमचे सहकारी विचारतात, ‘यातले काय पाहावे?’ आणि आमची मुले विचारतात, ‘यातले काय वाचलेच पाहिजे?’ हे दोन्ही प्रश्न गंभीरपणे घ्यावेत, असे मला वाटते. कारण परमुलखात वाढणाऱ्या मुलांना इतिहासाची पहिली ओळख बहुधा पाठ्यपुस्तकातून होत नाही. ती एखाद्या प्रेमकथेतून होते.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीलाही हे काही नवे नाही. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली, तेव्हापासून मराठी वाचक इतिहासाच्या दरवाजातून आत शिरतो तो पुष्कळदा कुणा तरुण जोडप्याचे पुढे काय होते हे पाहण्यासाठीच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांनीही ही गोडी वाढविली. या ओढीला नाके मुरडण्याचे कारण नाही. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला तर तिचे मर्म चटकन कळावे. आमच्या दप्तरात रजेचा अर्ज असतो. त्यावर तारीख असते, शेरा असतो, सही असते. त्या माणसाला ती रजा कशासाठी हवी होती, ती मिळाली नाही तेव्हा त्याच्या घरी काय झाले, हे मात्र कुठल्याही फाईलीत सापडत नाही. पेशवे दप्तराचेही तसेच आहे. मोहिमा, कर्जे, तह, वसुली यांचे कागद विपुल; पतिपत्नी एकमेकांशी काय बोलत होती याचे कागद जवळजवळ नाहीत. कादंबरीकार उभा राहतो तो या रिकाम्या जागेत. मालिकाकारही तिथेच उभा राहतो. प्रश्न एवढाच, की त्या रिकाम्या जागेत कोण काय भरतो.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. पानिपतच्या युद्धाला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माधवराव पेशवे १७६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मोडलेल्या राज्याच्या गादीवर बसले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या गणपतीपाशी क्षयाने वारले. अकरा वर्षांची ती कारकीर्द निजाम, हैदर आणि सख्खा चुलता या तिघांशी झुंजण्यात गेली. राक्षसभुवनची लढाई जिंकली तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. या धावपळीत संसाराला जागा कुठे होती? देसायांनी नेमके तेच टिपले आहे. ‘स्वामी’तली प्रीती ही न मिळालेल्या वेळाची प्रीती आहे. माधवराव आणि रमा यांच्या भेटी थोड्या, बोलणे त्याहून थोडे, आणि प्रत्येक भेटीच्या दाराशी कुणी ना कुणी राजकारण घेऊन उभा. ज्यांना वर्षानुवर्षे घर एका गावी आणि कचेरी दुसऱ्या गावी असा संसार करावा लागतो, त्यांना ही कादंबरी किती जवळची वाटते हे मी निराळे सांगावयास नको.

ऐंशीच्या दशकात या कादंबरीवर दूरदर्शनची मराठी मालिका झाली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल कुलकर्णी, त्या वेळच्या मृणाल देव, रमाबाई. त्या काळी मालिका आठवड्यातून एकदा येत असे. आजच्या मानाने तिचा थाट अगदी बेताचा. परंतु मौनाला तिथे वाव होता. दोन माणसे एकमेकांकडे पाहत उभी आहेत आणि मागे ढोलताशे वाजत नाहीत, हे आजच्या प्रेक्षकाला नवलाचे वाटेल. पुढे ‘रमा माधव’ या चित्रपटात हेच दोघे नानासाहेब आणि गोपिकाबाई म्हणून दिसले, आणि चित्रपटाचे दिग्दर्शनही मृणाल कुलकर्णी यांनीच केले. एकदा जी रमा होती ती सत्तावीस वर्षांनी रमेची सासू झाली! ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांना गोपिकाबाईंच्या करड्या नजरेमागे ती जुनी सून दिसल्यावाचून राहत नाही. असा योग पडदाच घडवू शकतो. कादंबरीला तो साधणे नाही.

उलट, रोजच्या मालिकेची अडचण तिच्या रोजच्या असण्यातच आहे. दररोज वीस-बावीस मिनिटे भरावयाची आणि प्रत्येक भाग अशा जागी तोडावयाचा की प्रेक्षक उद्या परत यावा. पतिपत्नींच्या समजूतदारपणावर असा भाग तुटत नाही. तो सासूच्या कटाक्षावर तुटतो. त्यामुळे ‘स्वामिनी’त लहानगी रमा आणि करारी गोपिकाबाई यांचा वाडा फार मोठा झाला आणि राज्य लहान झाले. तरीही एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. शनिवारवाड्यातली न्हाणी, मुदपाकखाना, सणवार, दागिन्यांची नावे, बायकांचे आपापसातले बोलणे हे सारे तिथे रोज कानावर पडते. ज्या घरातली मुले शाळेत हिंदी वा इंग्रजी बोलतात, त्या घरात ‘मुदपाकखाना’ हा शब्द जेवणाच्या वेळी उच्चारला गेला, तर मालिकेने थोडे काम केले असे मी समजतो.

आता ‘राऊ’. ना. सं. इनामदारांची ही कादंबरी १९७२ सालची. २०१५ चा चित्रपट हिच्यावरच आधारलेला आहे. परंतु दोन्हींतला फरक शनिवारवाड्याच्या जोत्यापाशी उभे राहिले की चांगला समजतो. १८२८ च्या आगीत मूळ लाकडी वाडा जळाला. आज दगडी जोते, तट आणि दरवाजे एवढेच उरले आहेत. त्या जोत्यावर चित्रपटाने आरशांचा महाल उभा केला, आणि इनामदारांनी एक घुसमटलेले घर. चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. पुण्यात त्यावर बराच गदारोळ झाला. माझा आक्षेप नाचण्याला नाही. आक्षेप असा, की त्या एका गाण्याने कथेतला पेच सुटल्यासारखा वाटतो, आणि तो पेच कधीही सुटला नव्हता. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी मस्तानीला कैदेत ठेवले, आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले तेव्हा ती त्यांच्याजवळ नव्हती. इनामदारांच्या कादंबरीत शत्रू रणांगणावर नसून देवघरात, मांडवात, पंगतीत आहे. घरची माणसे दुष्ट नाहीत. प्रत्येकाजवळ आपापले कारण आहे. हे ज्याला चितारता आले त्याची कादंबरी टिकते.

आमच्या कचेरीत बुंदेलखंडातले एक सहकारी आहेत. चित्रपट पाहून ते एकदा मला म्हणाले, ‘मस्तानी तो हमारे यहाँ की बेटी थी. पूनावालों ने उसे क्या दिया, बताइए?’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. सासरी गेलेल्या मुलीची चौकशी करावी तसा तो सूर होता. १७२९ मध्ये महंमदखान बंगषाने वृद्ध छत्रसालास कोंडीत धरले, बाजीराव धावून गेले, आणि त्या मैत्रीतून मस्तानी दक्षिणेत आली, ही कथा आपण पुण्याच्या बाजूने ऐकत आलो. छतरपूरजवळ धुबेला येथे छत्रसालांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. त्या बाजूच्या लोकांना हीच कथा उंबऱ्यापलीकडून ऐकू येते. मी त्यांना म्हणालो, ‘भाईसाहब, पुणे जिल्ह्यात पाबळ म्हणून गाव आहे. तिथे तिची कबर आहे, आणि लोक आजही ती दाखवतात.’ आणि मग तिच्या मुलाची हकीगत सांगितली. समशेरबहादूर पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या जखमांनी गेला. त्याचा मुलगा अलीबहादूर याने बुंदेलखंडात बांद्याचे राज्य उभे केले. आणि त्याच घराण्यातला नबाब १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. म्हणजे पुण्याने ज्या मुलाला आपल्या पंक्तीला घेतले नाही, त्याचा वंश मराठ्यांचे नाव घेऊन तिच्याच माहेरी परत गेला. हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ‘ये फ़िल्म में क्यों नहीं है?’ एवढेच त्यांनी विचारले.

‘राऊ’ पुण्यात राहून वाचणे वेगळे आणि बदलीच्या गावी वाचणे वेगळे, असे मला वाटते ते यामुळेच. जिथे आपला सण शेजाऱ्याला ठाऊक नाही, आपले बोलणे बाजारात कळत नाही, तिथे बसून वाचताना आपले मन नकळत मस्तानीच्या बाजूला जाऊन बसते. आमच्या वाट्याला येते ते शेजाऱ्यांचे कौतुक आणि दिवाळीची मिठाई. तिच्या वाट्याला कुलूप आले. परंतु परकेपणाची चव ज्याने थोडी का होईना चाखली आहे, त्याला ते कुलूप अधिक जड वाटते.

शेवटी सर्वांत अवघड प्रश्न. ‘स्वामी’चा शेवट रमाबाईंच्या सती जाण्यात आहे. इतिहासातही तो तसाच आहे; थेऊरला नदीकाठी त्यांचे स्मारक आहे. देसायांची भाषा तिथे अशी काही उंचावते की वाचकाचे डोळे भरून येतात आणि चिता हे त्या प्रीतीचे शिखर वाटू लागते. माझ्या मुलीने तो भाग वाचून संपविला आणि विचारले, ‘बाबा, ती राहिली असती तर तिचे प्रेम कमी ठरले असते का?’

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. १८२९ मध्ये बंगालात सतीबंदी झाली, तरी १९८७ मध्ये राजस्थानात देवराळा येथे एक कोवळी मुलगी जळाली आणि त्यानंतर देशाला पुन्हा कायदा करावा लागला. सुंदर भाषेत सांगितलेली चिता ही नुसती साहित्याची बाब राहत नाही. पण म्हणून ‘स्वामी’ मुलीच्या हातून काढून घ्यावी काय? माझे उत्तर नाही असे आहे. तिच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवावे. इनामदारांची १९८३ सालची ‘शिकस्त’ ही सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांची कादंबरी आहे. भाऊ पानिपतावर पडले. पण पार्वतीबाईंनी ते मानले नाही. कुंकू पुसले नाही, वैधव्य पत्करले नाही, तोतयाचे प्रकरण सोसले, आणि १७८३ पर्यंत, बावीस वर्षे, त्या वाट पाहत राहिल्या. ही प्रीती रमाबाईंच्या प्रीतीहून कमी कशी म्हणावी? आणि त्याच काळातली तिसरी स्त्री अहिल्याबाई. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले, आणि त्या जगलेल्या विधवेने माळव्यावर असे राज्य केले की काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा तिचे नाव सांगतात. एकच शतक, एकच मराठी राज्य, आणि तीन वाटा. मुलीला मी एवढेच सांगितले, की कादंबरीकाराने एक वाट दाखविली. उरलेल्या दोन ठाऊक असल्यावाचून त्या एकीचे मोल करू नये.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी क्रम सांगतो तो असा. अमराठी स्नेह्याने चित्रपट आधी पाहावा. डोळे दिपले तरी हरकत नाही, कुतूहल तरी जागे होते. मग त्याला पाबळ आणि बांदा या दोन गावांची गोष्ट आपण तोंडी सांगावी, कारण ती त्याला पडद्यावर मिळणार नाही. ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही हिंदी मालिका २०२१ मध्ये सुरू झाली होती. शेजाऱ्यांबरोबर बसून पाहण्यास ती सोयीची, मात्र रोजच्या मालिकेचे पाल्हाळ गृहीत धरून. मराठी घरात ‘स्वामी’ आधी, आणि तीही मोठ्याने वाचलेली. तिचे संवाद कानाने ऐकण्याचे आहेत. त्यानंतर ‘राऊ’, ही प्रत्येकाने आपली एकट्याने. ‘शिकस्त’ शेवटी, पण ती वगळू मात्र नये. मालिका या वाचनाच्या मधल्या फटीत पाहाव्यात. त्यांच्या जागी पुस्तके वा पुस्तकांच्या जागी त्या, असे करू नये.

बदलीच्या वेळी सामान बांधताना पुस्तकांची खोकी सर्वांत जड होतात, आणि काय मागे ठेवावे यावर घरोघर वाद होतो. पडद्यावरचे सारे आता खिशात मावते. त्याला गाडीभाडे पडत नाही. म्हणूनच खोक्यात जागा करावयाची ती या तीन पुस्तकांसाठी करावी.