सर्वोपचार

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर एस.टी.तली सूचना असो, वाचता वाचता तो समास सोडवू लागतो. अकोल्याच्या सरकारी इस्पितळाच्या पाटीवरचा ‘सर्वोपचार रुग्णालय’ हा शब्द मी आजवर किती वेळा सोडवला असेन याची गणती नाही. सर्व अधिक उपचार, गुणसंधी. इथवर सोपे आहे. पण विग्रह कसा करायचा? ‘सर्व प्रकारचे उपचार’ की ‘सर्वांसाठी उपचार’? वर्गात मी पहिलाच सांगतो, कारण परीक्षेत गुण त्यालाच मिळतात. दुसरा मला सुचला तो मोठेबाबांच्या आजारपणात.

तसे पाहिले तर आमच्या वऱ्हाडात इस्पितळांची पाटीवरची नावे कोणी घेतच नाही. माझा जन्म अमरावतीच्या डफरीनमधला, धाकट्या बहिणीचा अकोल्याच्या लेडी हार्डिंगमधला. सरकारी कागदावर ही दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालये आहेत. पण ऑटोवाल्याला तसे सांगून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. इर्विनसाहेब व्हाइसरॉयपद सोडून १९३१ साली विलायतेला परत गेले, पण अमरावतीत पडल्याझडल्याला माणसे अजून ‘इर्विनात’च नेतात. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला, त्यातून गावोगाव जनाना दवाखाने निघाले. काम मोठेच होते. पण लाटसाहेबांच्या मंडळींनी वर्गणी गोळा करायची आणि रयतेने उपकार मानायचे, असा तो जमाना होता. त्या कृपेचा हक्क करावा असे स्वच्छ शब्दांत मांडले ते नाशकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने. १९४३ साली नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कोणाचाही उपचार अडता कामा नये, हे त्यातले मुख्य सूत्र. आज खेड्यात दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच अहवालाचे लेकरू. सपाटीवर ३० हजार वस्तीला एक आणि आदिवासी भागात २० हजारांना एक, असा त्याचा आजचा हिशेब. (मेळघाटात हा हिशेब माणसे मोजतो, मधले घाट आणि नाले मोजत नाही.)

पण मी मोठेबाबांचे सांगत होतो. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी सारा जन्म कपाशीत गेला. २०१९ च्या पावसाळ्यात पाय सुजले, अन्न जाईना. एका खासगी इस्पितळात नेले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. आठ दिवसांत बैलजोडी विकावी लागली. ‘योजनेत बसते का?’ असे मी विचारले की तिथला माणूस ‘मंजुरी यायची आहे’ म्हणे, आणि अनामत रकमेची पावती मात्र ताबडतोब फाडी. शेवटी कोणीतरी शहाणपणाची वाट दाखवली आणि आम्ही सरकारी इस्पितळाच्या खिडकीपाशी उभे राहिलो.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आमची अमरावती होती. २०१३ मध्ये ती राज्यभर झाली आणि २०१७ साली तिचे नाव बदलले. तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेला ती लागू होती. आमच्या मोठेबाबांची शिधापत्रिका मुलाच्या नोकरीमुळे पांढरी झालेली! खिडकीतल्या मुलीने कार्ड पाहिले आणि म्हणाली, “सातबारा आणला का?”

“काय म्हन्ते बापू ते पोरगी?” मोठेबाबांनी मला विचारले.

“सातबारा मागते.”

“काहून? वावर लिहून घेते का?”

मी त्यांना समजावून सांगितले. शेतकरी आत्महत्या ज्या १४ जिल्ह्यांत फार झाल्या, तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर ही सवलत मिळते. आपला जिल्हा त्यात येतो. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हंजे आपल्याकडं लोकं फाशी घेतेत, म्हनून मले फुकट.”

या वाक्याला काय उत्तर द्यावे, ते मला आजतागायत सुचलेले नाही.

कृतघ्न होऊन चालणार नाही. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे, आणि पदरचे पैसे फक्त एस.टी.चे! ही योजना नसती तर बैलांमागून वावर गेले असते, आणि वावरामागून म्हातारा. १ जुलै २०२४ पासून कार्डाच्या रंगाची अटही गेली. कोणत्याही शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांपर्यंत. भोर यांच्या वाटेवर शासन दोन पावले पुढे आले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शंका येते ती एवढीच की, बिल भरणारे सरकार आणि दवाखाना चालवणारे सरकार ही एकाच घरातली दोन माणसे. पहिल्याचा हात सैल झाला की दुसऱ्याचे दुर्लक्ष होते. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली आले. अमरावती विभागाचे ठाणे खरी, पण तिला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले.

आणि आजार यायचा तो आलाच कोठून? आमचे गाव पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून अशी सुमारे ९०० गावे आहेत. विहिरीचे पाणी इतके खारे की, डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. या गावांतून मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ. डॉक्टरांनी मात्र बोट ठेवून पाण्याचे नाव घेतले नाही. रक्तदाब होता, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या होत्या. त्यांनी सगळीच कारणे मोजून दाखवली. पण मोठेबाबांचा निकाल कधीच लागलेला होता: “विहीर भवली.”

मुंबईत पाणी एका खात्याकडे, रोग दुसऱ्याकडे आणि रोग बरा करणारे कॉलेज तिसऱ्याकडे. एका मूत्रपिंडाचे तीन मालक! गाडगेबाबांना ही वाटणी ठाऊक नव्हती. आमच्याच भागातल्या शेंडगावचा हा माणूस. खराट्याने गाव झाडून मगच कीर्तनाला उभा राही, आणि मुंबईत आजाऱ्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळाही बांधी. तिकडे अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेड्यांसाठी वान धरणाचे गोड पाणी नळाने आणले गेले, तेही माझ्या मते आरोग्यखात्याचेच काम. हिशेब कोणाच्याही वहीत मांडा.

आमच्या गावात नळाची टाकी पुष्कळ वर्षे होती. पाणी मात्र टोकाच्या आळीपर्यंत पोचत नसे. २०२२ च्या उन्हाळ्यात ते मोठेबाबांच्या अंगणात आले. त्या दिवशी मी तिथेच होतो. बाया घागरी घेऊन धावल्या, पोरे तोटीखाली डोकी घालू लागली. मोठेबाबा बाजेवर बसून पाहत होते. यंत्रावरच्या रोग्याला पाणी मोजून मिळते. त्यांना दिवसाला एक लिटर, त्यात चहाही आला. सुनेने पितळी फुलपात्र भरून आणले. त्यांनी दोन घोट घेतले, जिभेवर घोळवले.

“गोड हाये,” म्हणाले, आणि उरलेले पाणी तुळशीला ओतायला तिच्या हाती परत दिले.