भीमेकाठची आफ्रिका

गाणे, राजकारण, प्रेम आणि आफ्रिकेचा इतिहास, या चार विषयांनी मला आयुष्यभर धरून ठेवले आहे. पहिल्या तिन्हींबद्दल आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात राजकारण तर सकाळच्या पहिल्या चहाबरोबरच सुरू होते. नवल वाटते ते चौथ्याचे. आपल्याकडे ऊस, कांदा, साखर कारखाने. यात आफ्रिका कुठून आली, असे लोक विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे. ती चारशे वर्षांपूर्वीच आली, आणि आली ती राज्याचा कारभार हाती घ्यायला.

मलिक अंबरचे नाव शाळेत एखाद्या ओळीत येऊन जाते. त्या ओळीमागचा माणूस मात्र थक्क करणारा आहे. जन्म 1548च्या सुमारास इथिओपियात, मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे हातोहात फिरत अहमदनगरला पोचला. तिथे त्याला विकत घेतले निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने, आणि हा चंगेजखानही मूळचा हबशी, म्हणजे इथिओपियाकडचाच. धनी वारला, तशी त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. पुढे 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही बुडाली असे साऱ्यांनी धरले, तेव्हा या माणसाने परांड्याला नवा सुलतान गादीवर बसवला. त्यानंतर पंचवीसेक वर्षे त्याने दिल्लीच्या फौजांना दख्खन पचू दिली नाही. काही काळ राजधानी जुन्नरला होती, म्हणजे आमच्या शेजारीच. मग खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या पाण्याच्या नहरी त्याच्याच.

त्याची ताकद होती मराठा घोडेस्वारांत. गनिमी काव्याची लढाई दख्खनच्या डोंगरांत मुरली ती याच काळात. 1624 साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि विजापूरकर अशा दोन्ही फौजा एकदम मोडल्या. तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात घातली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि शहाजींचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच पडले. ज्या भोसल्यांकडे पुणे-सुप्याची जहागीर होती, त्यांच्या घरातले रक्त एका हबशी वजिराच्या झेंड्याखाली सांडले आहे. सुप्याचा रस्ता आजही दौंड तालुक्यातल्या चौफुल्यावरून फुटतो. आफ्रिका दूरची कशी म्हणायची?

जहांगीर बादशहाला अंबर इतका सलत होता की भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत, असे चित्र त्याने अबुल हसनकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. 1626 साली अंबर म्हातारपणाने वारला, खुलताबादला त्याची कबर आहे, जवळच बीबी करीमा, त्याची पत्नी. बादशहाच्या दरबारातल्या मुतमदखानाने मात्र त्याच्या मागे त्याची मोकळ्या मनाने तारीफ लिहून ठेवली. मला या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते ती त्याची जमीन मोजणी. वसुलीचा मक्ता देण्याची चाल मोडून, जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवायचा, ही त्याची पद्धत. पुढे पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी जी घडी बसवली तिच्यावर या मलिकंबरी पद्धतीची छाप होती, असे इतिहासकार मानतात. विकला गेलेला एक पोरगा आमच्या कुणब्याच्या शिवारापर्यंत असा पोचला.

गाण्याची वाट मला याच इथिओपियाकडे परत घेऊन गेली. तिथे तिझिता नावाची गायकी आहे, आठवणीची आणि विरहाची. तिथले गायक महमूद अहमद यांच्या आवाजात ती ऐकली आणि अंगावर काटा आला, कारण तिच्या एका प्रकाराचे सूर म्हणजे सा रे ग प ध, आपल्या भूपाचेच पाच सूर. चाल वेगळी, ठेहराव वेगळा, म्हणून त्याला भूप म्हणता येणार नाही. अंबरने लहानपणी असे काही ऐकले असेल असा दावाही मी करत नाही. पण त्याच्या मुलखातली माणसे ज्या सुरांत जिवलगाला आठवतात, त्याच सुरांत आपल्याकडे संध्याकाळची पहिली बंदिश शिकवली जाते, एवढे मला पुरते.

विरहाचे गाणे आमच्याकडेही आहे. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत संगीत बारीच्या बैठकीत ढोलकी, तबला आणि पेटीवर बाई बसून लावणी गाते, नजरेने आणि हाताने अर्थ उलगडते, तेव्हा एका ओळीला दहा छटा येतात. ही कला पिढ्यान्‌पिढ्या कोल्हाटी आणि तशाच इतर समाजांच्या बायकांनी सांभाळली. त्यांच्या गाण्याला वाहवा मिळाली, त्यांच्या घराला सोयरीक मिळाली नाही. हे मला फार लागते.

तेच पाबळला. शिरूर तालुक्यातल्या या गावात मस्तानीची कबर आहे. छत्रसाल बुंदेल्याची ही लेक बाजीरावाबरोबर पुण्याला आली. केंदूर, पाबळ, लोणी ही गावे तिला तोडून दिली होती. 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही गेली. त्यांच्या मुलाचे नाव कृष्णराव ठेवता आले नाही, तो समशेर बहाद्दर झाला, आणि पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढताना झालेल्या जखमांनी 1761 साली वारला. मरायला तो आपला होता, पंगतीला नव्हता.

आणि मग कोरेगाव भीमा. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून कंपनीची आठएकशे माणसे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पेशव्यांच्या फौजेशी लढली. त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातल्या पडलेल्यांची नावे कोरलेल्या तिथल्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर आले. 2018 मध्ये त्याच तारखेला इथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण जिवाला मुकला. तो दिवस आठवला की अजून वाईट वाटते. या गोष्टीकडे मी आफ्रिकेच्या, तिथून अमेरिकेत नेलेल्या गुलामांच्या बाजूने पाहतो, आणि ते पाहणे माझे एकट्याचे नाही, आमच्या थोरांनीच शिकवलेले आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावही समुद्रापलीकडून आले. फुल्यांना न्यूयॉर्क दिसले नव्हते, तरी तिथली बेडी त्यांनी ओळखली.

म्हणून माझे चार छंद मला कधी चार वाटलेच नाहीत. कामाला, लढाईला, गाण्याला आणि प्रेमाला ज्यांना आपण जवळ केले, त्यांना नाव देताना आपण का आखडलो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या भागातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. रांजणगावच्या गणपतीला सहल नेता, तशी ती पुढे पाबळला न्या आणि मुलांना कबर दाखवा. भीमेचा पूल ओलांडताना मलिक अंबरची गोष्ट सांगा, चापू या नावापासून.