घरात बंदूक ठेवण्याआधी

परवाना हातात पडला की माणूस दुकानात येतो आणि काउंटरवर कागद ठेवता ठेवता विचारतो, "घरासाठी कुठली चांगली?" बंदुका विकणं आणि दुरुस्त करणं हा आमचा दोन पिढ्यांचा व्यवसाय, त्यामुळे हा प्रश्न मी वडिलांच्या वेळेपासून ऐकत आलो आहे. विचारणाऱ्याच्या मनात चोर असतो. मी आधी घराची चौकशी करतो. घर मळ्यात आहे की फ्लॅट? शेजारच्यांची भिंत किती अंतरावर? घरात लहान मुलं किती, रात्री उशिरा कोण येतं? कुणी आजारपणानं किंवा कर्जानं खचलेलं आहे का? दारूचं काय? काहींना हे प्रश्न आगाऊ वाटतात, पण निवड त्यांतूनच होते. बार चोराला लागेल की नाही हा हिशेब शेवटी करायचा. चुकला तर कुठे जाईल आणि बंदूक नको त्या हातात पडली तर काय होईल, हे आधी पाहायचं.

आपल्याकडे निवडीला वाव मुळातच थोडा आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. त्याच्या नियमांनुसार ९ मिमी, .३०३ अशा फौजेच्या आणि पोलिसांच्या बोअरची हत्यारं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. ही मनाई इंग्रजांच्या काळापासूनची. कोठारातून चोरलेलं काडतूस बाहेरच्या कुणाच्या बंदुकीत बसू नये, हा तिचा हेतू. म्हणून आपल्याकडे .३०३ ऐवजी .३१५ ची रायफल आली आणि कमरेला लावायला बत्तीसचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. साधारणपणे गिऱ्हाईक चार गोष्टींत घुटमळतं: बारा बोअर, बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, बत्तीसचं पिस्तूल आणि .३१५.

रायफल पहिल्यांदा बाजूला काढतो. .३१५ ची गोळी किलोमीटरभर अंतरावरही माणसाला मारू शकते. दार, खिडकी, प्लायवूडचं पार्टिशन तिला अडवत नाही, आणि चार इंची विटेच्या भिंतीवर तर मी मुळीच विसंबणार नाही. मळ्यातल्या घरातून ती चुकली तर पलीकडच्या वस्तीपर्यंत जाईल. रायफल मोकळ्या माळावरचं हत्यार आहे. घरात तिचं काम नाही.

कोकणातून येणाऱ्यांकडे बहुधा ठासणीची बंदूक असते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत माकडं आणि रानडुकरांपासून बागायत राखायला शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जातात, आणि हीच बंदूक घरालाही पुरेल असं अनेकांना वाटतं. पुरणार नाही. एकदा बार झाला की पुन्हा दारू ओतून ठासेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्याहून मोठी अडचण अशी, की भरलेली ठासणीची बंदूक सहज रिकामी करता येत नाही. बार काढणं हाच सोपा मार्ग. म्हणून लोक ती भरलेलीच खुंटीला टांगून ठेवतात. नळीत दारू आणि छर्रे ठासलेली बंदूक ज्या पडवीत टांगलेली असते, तिथेच मुलं खेळतात.

मग उरते बारा बोअर. कायद्याच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी म्हणून जिचा थेट उल्लेख आहे, ती हीच: वीस इंचांहून आखूड नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. रायफल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. घराच्या रक्षणासाठी कायद्यानं बारा बोअरच मनात धरली आहे, असं मला वाटतं आणि ते शहाणपणाचं वाटतं. साधी दुनळी मोडली की दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर उघड्या होतात. भरलेली आहे की रिकामी, हे दहावीच्या मुलालाही कळेल. बिघडण्यासारखे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी.

तिच्याबद्दलचे दोन गैरसमज मात्र मी आधीच दूर करतो. पहिला, की छर्रे पसरतात, म्हणून नेम धरावा लागत नाही. खोलीच्या अंतरावर, चार-पाच मीटरवर, छर्‍यांचा फैलाव जेमतेम तळहाताएवढा होतो. नेम धरावाच लागतो आणि नेम चुकला की सगळे छर्रे चुकतात. दुसरा गैरसमज पंप अ‍ॅक्शनचा. पंप ओढल्याच्या आवाजानंच चोर पळतो म्हणे. पळेलही. पण न पळणाऱ्याला त्या आवाजावरून तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. आवाजाच्या भरवशावर कुणी हत्यार घेऊ नये.

काडतुसाची निवड बंदुकीइतकीच महत्त्वाची. एल.जी. आणि एस.जी.मध्ये मोजके मोठे छर्रे असतात. ते लांबवर मारतात आणि लाकडी दारापलीकडेही माणसाला घातक ठरतात. बी.बी. किंवा चार नंबरमध्ये छर्रे बारीक आणि पुष्कळ. जवळून तेही जीवघेणेच, पण वाटेत दार किंवा पार्टिशन आलं तर त्यांचा जोर लवकर मरतो. पलीकडच्या खोलीत आई झोपत असेल तर एल.जी. भरायचं नाही, एवढं मी गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगतो. काडतुसं जुनीही होतात. दमट हवेत वर्षानुवर्षं पडलेलं काडतूस ऐन वेळी फुसकं निघतं, किंवा घोडा पडल्यावर क्षणभरानं उडतं. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, लगेच मोडून पाहायचं नाही.

रिव्हॉल्व्हरचा मोह सगळ्यांनाच असतो. लहान, उशाशी मावणारं, सिनेमात पाहिलेलं. पण आखूड नळीनं, घाबरलेल्या हातानं, अंधारात नेम धरणं हे बंदूक खांद्याला लावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' हे सुमारे अर्धा किलो वजनाचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं, तेव्हापासून मुलीसाठी, बायकोसाठी ते मागणारे वडील आणि नवरे येत असतात. मी त्यांना सांगतो, हत्यार हलकं म्हणजे वापरायला सोपं असं होत नाही. वजन कमी असलं की धक्का जास्त जाणवतो आणि आखूड नळीत चूक मोठी होते. जिच्यासाठी घ्यायचं, तिच्याच नावचा परवाना हवा आणि सरावही तिनंच करायला हवा.

तरीही छोटंच हत्यार हवं असेल तर मी पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर सुचवतो. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं दिसतात. पिस्तुलाचं मॅगझिन काढल्यावर ते रिकामं झालं असं वाटतं, पण नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली गोळी आतच राहते. "रिकामंच होतं हो" असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातून झालेले अपघात बहुतेक याच एका गोळीचे. पिस्तूल वाईट नाही. त्याला रोजच्या सवयीची शिस्त लागते, आणि वर्षातून एकदा कपाट उघडणाऱ्या घरात ती नसते.

आता ठेवण्याचा प्रश्न. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी अर्जदाराला द्यावी लागते आणि प्रशिक्षणही घ्यावं लागतं. हमी सगळेच देतात. मग बंदूक साड्यांच्या थप्पीमागे किंवा माळ्यावर जाते आणि चावी देवघरात. घरातल्या सातवीतल्या मुलाला या तिन्ही जागा ठाऊक असतात. भिंतीत किंवा जमिनीत पक्का बसवलेला पोलादी लॉकर हवा, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत आणि दोन्ही चाव्या फक्त परवानाधारकाकडे. बंदुकीच्या किमतीत लॉकरची किंमत धरलीच पाहिजे. ती परवडत नसेल तर बंदूकही परवडत नाही.

यावर हमखास विचारलं जातं, "कुलपं उघडेपर्यंत चोर आत येईल, मग बंदुकीचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बंदुकीत सापडत नाही. तो वेळ दार मिळवून देतं. भक्कम चौकट, आतून दोन कड्या, खिडक्यांना ग्रिल, अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, भुंकणारं कुत्रं. हे सगळं मिळून जी काही मिनिटं हातात देतं, त्यांत घरच्यांना एका खोलीत घ्यायचं, आतून कडी घालायची, ११२ वर फोन करायचा आणि मग लॉकर उघडायचा. त्या खोलीतून बाहेर पडून चोर शोधत फिरायचं नाही. अंधारात समोर आलेली आकृती उशिरा परतलेल्या मुलाची असू शकते. हातात टॉर्च नसेल आणि चेहरा दिसत नसेल तर चापावर बोट जाताच कामा नये.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण हद्दीसकट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क प्रसंगी जीव घेण्यापर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हे बंधन त्यालाही आहे. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजू स्पष्ट केल्या: धोक्याची वाजवी भीती पुरेशी आहे, प्रत्यक्ष हल्ल्याची वाट पाहावी लागत नाही, मात्र धोका टळला की हक्कही संपतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेला बार हे संरक्षण नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती दुकानात कुणी विचारत नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०२० साली कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे ८ पट आढळलं, स्त्रियांत सुमारे ३५ पट. तिथला समाज आणि तिथले कायदे वेगळे आहेत. पण वाईट रात्र दोन्हीकडे सारखीच, आणि त्या रात्री हाताशी काय आहे यावर जीव राहतो किंवा जातो. म्हणून घरात कुणी खचलं असेल, सावकारी गळ्याशी आली असेल, घटस्फोट चालू असेल, तर परवाना असलेल्या विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर पावती घेऊन बंदूक जमा करा. दिवस सरळ झाले की परत न्या. यात कमीपणा नाही. परवानाधारकाचं हे पहिलं कर्तव्य आहे.

तेव्हा माझं मत असं. शहरातल्या फ्लॅटसाठी बंदूक घेऊ नका. भिंतीला भिंत लागलेल्या घरात चुकलेल्या गोळीला जायला सुरक्षित जागाच नसते, आणि तोच पैसा दारावर घातला तर जास्त उपयोगी पडतो. वस्तीपासून दूर मळ्यात, रानातल्या बंगल्यात राहणाऱ्यानं, घरातली माणसं धडधाकट मनाची असतील तर, दुनळी बारा बोअर घ्यावी, बारीक छर्‍यांची ताजी काडतुसं ठेवावीत, आणि रेंजवर जाऊन नियमित सराव करावा.

ज्यांच्या घरी बंदूक आधीच आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. नवरात्राच्या आधी पूजेसाठी आमच्याकडे साफसफाईला बंदुका येतात आणि त्यांत भरलेल्याही निघतात. यंदाची खंडेनवमी होऊन गेली, हत्यारं पुन्हा आत जायच्या बेतात असतील. आत ठेवण्यापूर्वी नळी उघडून पाहा. काडतुसं मोजून परवान्यावरच्या नोंदीशी ताडा, जुनी बाद करायला विक्रेत्याकडे द्या. लॉकरची चावी बदला. लक्ष्मीपूजनाला फटाक्यांच्या जोडीनं हवेत बार काढायची हौस कुणाला असेल तर ती मोडा. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेला बार कुणाच्या तरी अंगणातच खाली येतो. आणि घरातल्या मुलांना समोर बसवून सांगा, बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघून यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हे सगळं एका दुपारचं काम आहे. ते या दिवाळीतच करा.